एमओयू करताय? मग एवढं कराच

दोन संस्थांनी मिळून काम करायचं ठरवलंय ना, अभिनंदन. पण लगेच कामाला लागू नका, आधी एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, करा, आणि तो कसा करायचा ते आमच्यासारख्या पाच-सहा करारांत पोळलेल्यांकडून फुकटात शिकून घ्या.

मसुदा नेहमी पैसेवाल्या संस्थेनेच करायचा. नवीन काही लिहायचं नसतं हो, मागच्या वर्षीची फाइल उघडायची आणि नाव बदलायचं. आमच्या एका करारात चौथ्या पानापर्यंत आमचं नाव होतं, पाचव्यापासून भलत्याच संस्थेचं, आणि आम्ही सगळ्या पानांवर सह्या केल्या कारण कुरिअरवाला दारात उभा होता.

स्टॅम्प पेपर ५०० चा आणा. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात १०० च्या स्टॅम्पचे दिवस संपले. हे ५०० कोणी भरायचे यावर दोन मीटिंगा सहज निघतात, लाखांच्या बजेटवर मात्र पंधरा मिनिटं पुरतात.

"समान भागीदार" हे शब्द पहिल्याच परिच्छेदात टाका, पुढे परत वापरू नका. पुढे मोठ्या संस्थेसाठी सगळीकडे "करू शकेल" आणि छोट्या संस्थेसाठी "बंधनकारक राहील". रिपोर्ट दर महिन्याच्या ५ तारखेला, हप्ता "निधीच्या उपलब्धतेनुसार". काम मेळघाटात, न्यायक्षेत्र मुंबई, म्हणजे धारणीचा कार्यकर्ता भांडायला रात्रभर रेल्वेत बसून दादरला उतरणार, आणि तेही हप्ता आला तर, नाहीतर तिकिटाचे पैसे आणायचे कुठून?

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा, पैसा असेल तर "५ टक्के" हा मंत्र पाठ करा. नियमात ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, पण ते कोण वाचतंय, ती बिनधास्त गावातल्या संस्थेवर लावायची. मग अकाउंटंटचा पगार, ऑफिसचं भाडं, जीपचं डिझेल हे सगळं "संस्थेचं योगदान". समाजसेवा करायला आलात ना तुम्ही!

परदेशी निधी असेल तर काम अजून सोपं. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला, पैसा एका संस्थेला दुसरीकडे देताच येत नाही, दोघींची नोंदणी असली तरी. तेव्हा अशा करारात पैशाचं कलमच नको, फक्त "ज्ञानाची देवाणघेवाण" लिहा आणि फोटो काढा.

लोगोचं मात्र मनापासून लिहा. डावीकडे कोणाचा, किती सेंटीमीटर, बॅनरवर नाव आधी कोणाचं, सगळं. आमच्या करारात लोगोला दीड पान होतं आणि काम मध्येच थांबलं तर मजुरांची मजुरी कोण देणार याला शून्य ओळी. विचारलं तर म्हणाले, "अहो, आपल्यात विश्वास आहे ना?"

आणि जे जे अवघड वाटेल ते सरळ "परिशिष्ट ब प्रमाणे" म्हणून सोडून द्या. आम्ही तेच केलं. दुसऱ्या वर्षी हप्त्यावरून वाजलं तेव्हा दोन्हीकडच्यांनी मिळून पहिल्यांदाच ते परिशिष्ट उघडलं, तर तिथे सह्यांच्या कार्यक्रमाचं केटररचं कोटेशन लागलेलं. पोहे ४० प्लेट, चहा ८०, पाण्याचे जार ३. खाली पेनने लिहिलेलं, पेमेंट त्याच दिवशी, रोख.