डॉक्टरसाहेब, अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं

नमस्कार डॉक्टरसाहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रात्री वाचली तेव्हा कान तापले, खोटं कशाला बोलू. सकाळी दुकानाचं शटर उचलायच्या आधी पुन्हा वाचली, तेव्हा त्यातल्या दोन गोष्टी पटल्या. चार ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की लातूरच्या माझ्या दुकानात दुरुस्तीला येणारी आर्टरी (रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा), निडल होल्डर (सुई धरायचा चिमटा), कात्री ही ऑपरेशनची हत्यारं पुष्कळदा घडणीतच फसलेली असतात आणि बोलणी मात्र ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरातल्या) सिस्टर नि मामा (वॉर्डबॉय) खातात. त्यावर डॉक्टरसाहेबांचं म्हणणं असं: बावीस वर्षं तालुक्याच्या गावात ऑपरेशनं केली, हत्याराला कधी दोष दिला नाही. नाचता येईना अंगण वाकडं. सुश्रुतानं हातालाच सगळ्यांत मोठं यंत्र म्हटलंय. हत्यारं गंजतात ती स्टाफच्या आळसामुळं. डिझाइन-बिझाइन ही पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलांची चैन, आपल्याकडे मच्छरदाणीच्या कापडावर हर्निया निभावलेत. आणि शेवटी, "पाना फिरवणाऱ्यानं सर्जरी शिकवू नये."

शेवटचं आधी घेतो. सर्जरी मी शिकवत नाही, ती माझी पायरी नाही. चिकलठाण्याला टूलरूममध्ये नऊ वर्षं डाय (धातूला आकार देणारे साचे) घासल्या, मग गावी येऊन हे दुकान टाकलं. पोटाच्या आत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक. पण आर्टरीच्या पोटात काय चालतं ते मी रोज उघडून बघतो, तेवढ्यापुरतं बोलू द्या.

दुसरं, माझी चूक. "डॉक्टर लोक हत्यारं भंगारासारखी किलोवर घेतात" असं मी लिहिलं होतं. ते वाक्य रागात गेलं. दोन-तीन जणांवरचा राग सगळ्यांवर काढला, माफ करा. वाक्य काढून टाकलंय.

आता सुश्रुत. तुम्ही त्याचं नाव घेतलंत हे बरं झालं. सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तो १०१ यंत्रं सांगतो आणि त्यांत हात हेच प्रधान म्हणतो, हे अगदी खरं. पण डॉक्टरसाहेब, तोच अध्याय थोडा पुढं वाचा. तिथं यंत्रांचे बारा दोष दिलेत. फार जाड, कच्च्या धातूचं, फार लांब, फार आखूड, पकड न घेणारं, विषम पकडणारं, वाकडं, ढिलं, वर उचललेलं, आणि मग मऊ खिळ्याचं, मऊ तोंडाचं, मऊ पाशाचं. 'वक्र' हा शब्दच त्या यादीत आहे बघा. म्हणजे अंगण वाकडं असू शकतं हे सुश्रुतालाही मान्य होतं, आणि त्याच्याइतकं चांगलं नाचणारा दुसरा कोण होता?

त्यातला 'मृदुकील' मला फार आवडतो. मऊ खिळा. माझ्या टेबलावर आज सकाळी आलेल्या सात आर्टऱ्यांपैकी तिघींचा आजार हाच आहे. सांध्यातली पिन मऊ, त्यामुळं दोन पाय एकमेकांवर डुलतात नि टोकं जुळत नाहीत. टोकं जुळली नाहीत की झालं 'विषमग्राहि'. एक दोष दुसऱ्याचा बाप. हे ज्यानं लिहून ठेवलं त्यानं असलं यंत्र हातात धरून शिव्या घातल्या असणार, एवढं नक्की.

पुढच्या अध्यायात शस्त्रांचे, म्हणजे कापायच्या हत्यारांचे, आठ दोष आहेत. त्यांत खरबरीत धार हा दोष धरलाय, पण लगेच करवतीला सूट दिलीय, कारण तिला हाड कापायचंय. कामाकडं बघून घडण ठरवायची, ती अशी. सातव्या अध्यायातही तेच: सिंहमुख यंत्र दिसणाऱ्या शल्यासाठी (अंगात घुसलेल्या वस्तूसाठी), कंकमुख आत दडलेल्यासाठी. आणि हात सोडला तर सगळ्यांत श्रेष्ठ कंकमुख, कारण बगळ्याच्या चोचीसारखं ते सहज आत जातं, घट्ट धरतं आणि सहज परत येतं.

आता गंजाकडं येतो, कारण खरं भांडण तिथं आहे. तुम्ही म्हणता आळस. आळशी माणसं मीही पाहिलीत, नाही म्हणत नाही. पण एक प्रश्न मला सिस्टर हमखास विचारतात, "त्याच पाण्यात धुतो, त्याच ड्रममध्ये ऑटोक्लेव्ह करतो (वाफेत निर्जंतुक करतो), मग किडनी ट्रे चकचकीत आणि आर्टरीच का तांबूस?"

उत्तर पोलादात आहे. ट्रे, बाऊल ही ३०४ ग्रेडची असतात, त्यांत १८ टक्के क्रोमियम नि ८ टक्के निकेल. हे पोलाद गंजाला चांगलं तोंड देतं, पण तापवून विझवलं तरी कडक होत नाही. कात्रीला धार टिकवायची असते, आर्टरीला स्प्रिंगसारखं ताठ राहायचं असतं. म्हणून ती ४१० किंवा ४२० ग्रेडची करतात. ते कडक होतं, पण क्रोमियम १२-१३ टक्क्यांच्या आसपास. दोघांवरही 'स्टेनलेस' लिहिलेलं, पण नाव एक म्हणून स्वभाव एक नसतो. क्रोमियमचा जो अदृश्य पापुद्रा लोखंडाला झाकतो, तो ह्या कडक पोलादावर आधीच नाजूक. त्याला सगळ्यांत मोठा शत्रू क्लोराइड (मिठातला असतो तोच): हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं पाणी), सलाइन, रक्त, आणि आपलं बोअरचं पाणी.

पाण्याचं तुम्हाला काय सांगायचं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आठवा. टँकर ज्या बोअरचा मिळेल त्या बोअरचा. त्या उन्हाळ्यात माझ्याकडं आलेल्या कात्र्यांवर पांढरे क्षार आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते. तो डाग बफवर (पॉलिशच्या चाकावर) निघतो, खड्डा निघत नाही.

हायपोत दहा मिनिटं ठेवायचं असं शिकवलेलं असतं. संध्याकाळी एक सिझेरियन, रात्री दुसरं, आणि हत्यारं सकाळपर्यंत टबात. एका ठिकाणी असं झालं तर आळस म्हणू. मी ज्या-ज्या ओटीत गेलो तिथं असंच दिसलं, मग मी माणसाकडं बघायचं सोडून हत्याराकडं बघायला लागलो.

एका छोट्या हॉस्पिटलात मी मामांच्या शेजारी उभं राहून धुणं बघितलं. (नाव सांगत नाही, कारण तक्रार करायची नाहीये.) नळाखाली आर्टरी उघडली, ब्रश फिरवला, मिटवली, ठेवली. म्हटलं, "मामा, सांध्यात ब्रश घालत नाही?" ते म्हणाले, "जागाच न्हाई की साहेब घालायला. म्हणून वरून वरून घासायलोत." आणि आर्टरी माझ्या डोळ्यांपुढं धरली.

खरंच जागा नव्हती. आर्टरीचा सांधा असतो बॉक्स जॉइंट. एका पायाच्या मधोमध खाच, दुसरा पाय तिच्यातून आरपार गेलेला, वरून बारीक पिन. त्यामुळं टोकं आडवी सरकत नाहीत, पकड नेमकी बसते. तुमच्या हातात तो सांधा सोन्यासारखा आहे. मामांच्या हातात मात्र ती बंद खोली आहे. आत गेलेलं रक्त बाहेर येत नाही, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला भाजतं, आणि चार महिन्यांनी आर्टरी उघडताना करकर वाजते. मग कोणीतरी म्हणतं, स्टाफ नीट धूत नाही.

साधा स्क्रूचा सांधा धुवायला सोपा, पण लवकर ढिला होतो. दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच की हा सौदा ठरवताना धुणाऱ्याला कोणी विचारलेलं नसतं. आणि विचारल्यावर काय होतं ह्याचा दाखला जुना आहे. युरोपात एके काळी सर्जनच्या हत्यारांना हस्तिदंताच्या, शिसवी लाकडाच्या मुठी असत, नक्षी कोरलेल्या. जंतूंची गोष्ट कळली, हत्यारं उकळायची, वाफेत घालायची ठरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या सगळ्या मुठी गेल्या. हत्यार अख्खं धातूचं झालं, खाचा बुजल्या, सुटे होणारे सांधे आले. म्हणजे आजच्या हत्याराचा चेहरामोहरा सर्जनच्या हाताइतकाच धुण्याच्या भांड्यानं ठरवलाय.

"माणूस सावध असला की पुरे," असंही तुम्ही लिहिलंत. ह्यावर तुमच्याच भूलतज्ज्ञांच्या बॉइल्स मशीनचं, म्हणजे भूल द्यायच्या यंत्राचं, उदाहरण देतो. छोट्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर दोन भोकं असतात आणि मशीनच्या जोखडावर दोन पिना. ऑक्सिजनसाठी ठरलेल्या जागा क्रमांक २ आणि ५, नायट्रससाठी (भुलीच्या वायूसाठी) ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर बसतच नाही. सिलिंडर ओळखायला काळा-पांढरा नि निळा रंग आधीही होतेच, तरी रात्री, घाईत, अंधुक उजेडात माणसं चुकायची आणि टेबलावरचा पेशंट जायचा. ती चूक पिनांनी अडवली.

आता तुमच्या बाजूचं एक सांगतो. लीकेज काढायला एकदा एका जुन्या मशीनवर गेलो, तर जोखडाची एक पिन कोणीतरी कानस मारून उडवलेली! सिलिंडर बसत नव्हता म्हणे. अंगावर काटा आला. तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी माणूसच. खरंय. पण चूक करायला त्याला कानस हातात घ्यावी लागली, हेही बघा. आधी नुसता हात चुकला तरी पुरत होता.

मच्छरदाणीचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, ते तर माझ्याच खात्यात जमा होतं. दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोंगावकरांनी हर्नियाच्या जागी आधाराला शिवतात त्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड वापरलं, ते उचललं आणि शिवलं असं नव्हे. जाळी कुठल्या धाग्याची, निर्जंतुक कशी करायची, तुकडे केवढे कापायचे, हे सगळं बसवलं आणि २००३ मध्ये छापून जगापुढं ठेवलं. पुढं युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली, २०१६ मध्ये तिचे निकाल आले. वर्षभरात मच्छरदाणीवाल्या गटात एकाचा हर्निया परत आला, महागड्या जाळीच्या गटात कोणाचाच नाही. हा फरक धरण्याजोगा नव्हता. आपल्या पेशंटचा खिसा बघून वस्तू घडवली, ह्याला चैन कसं म्हणायचं?

एक राहिलंच. माझ्याकडं एक डावखुऱ्या डॉक्टरताई येतात. कात्री उजव्या हातात धरली की अंगठा आणि बोटं आपोआप दोन्ही पाती एकमेकांवर दाबतात. डाव्या हातात तोच दाब पाती फाकवतो. धागा कापायचा सोडून दुमडतो. त्यांना शिकताना वर्षभर "हात बसला नाही" असं ऐकावं लागलं. डावी कात्री करून दिली, एका मिनिटात बसला.

तुम्ही विचारलंत, मग हत्यारं पारखून घ्यायची कशी. एजंट पेटी घेऊन आला की आर्टरी मिटवून ट्यूबलाइटसमोर धरा, दातांमधून उजेड दिसला तर परत द्या. मुठीजवळच्या लॉकच्या पहिल्या दातावर अडकवून मुठीची बाजू टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा, सुटली तर परत द्या. मोठ्या कात्रीनं गॉजचे चार पदर टोकापर्यंत कापून बघा. आणि घरी आणल्यावर शेवटचं धुणं आरओच्या पाण्यानं, मग कोरडं करून, सांधे उघडे ठेवून ड्रममध्ये.

जाता जाता, तुमच्याकडं सुरुवातीच्या वर्षी घेतलेले बारा कॉकर्स (आर्टरीसारखेच, टोकाला दात असलेले चिमटे) आहेत आणि बावीस वर्षांत एकही गंजला नाही असं लिहिलंत. त्यातला एक मला दोन दिवसांसाठी पाठवा, सांधा बघायचाय, पैसे काही नको. आणि ते इतकी वर्षं कोण धुतंय, तेही विचारून कळवा.