‘पास आउट’चा एकच अर्थ? कोणी सांगितलं?

‘पास आउट म्हणजे उत्तीर्ण होणं, बस्स. बेशुद्ध पडणं हा सिनेमातला टपोरी अर्थ. आउट म्हणजे बाहेर, म्हणजेच कॉलेजातून बाहेर. रेझ्युमेत बिनधास्त लिहा, आय ॲम पास्ड आउट.’ हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाचीनं तो वाचून रेझ्युमे बदलला, म्हणून लिहितेय.

‘टपोरी अर्थ’ हे सगळ्यात घातक. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी उघडा. ‘पास आउट’खाली पहिलाच अर्थ शुद्ध हरपणं, जोडीला समानार्थी ‘फेन्ट’. आणि हे नुसतं पुस्तकी नाही हो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, भर दुपारी माणसं चक्कर येऊन पडतात. अशा वेळी मोबाइलवर प्रथमोपचार शोधला आणि इंग्रजीत ‘इफ ही पासेस आउट’, तर तोंडात पाणी ओतू नका, असं लिहिलेलं सापडलं, तर? बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. ती ओळ ‘तो पास झाला तर’ अशी वाचायची का? मेसेज लिहिणाऱ्यानं एवढा तरी विचार करायचा!

आता त्यात खरं आहे तेवढं मान्य करते. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणं हा अर्थ त्याच डिक्शनरीत आहे. आपल्या कामठीच्या एनसीसी अकादमीत ‘पासिंग आउट परेड’ होते ती त्यातूनच. आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातीही ‘२०२४ पासआउट’ मागतात. म्हणजे इथे बोलताना चालून जातं. पण ‘आय ॲम पास्ड आउट’? लंडनमध्ये बसून अर्ज वाचणाऱ्याला त्याचा अर्थ सरळ ‘मी बेशुद्ध पडले आहे’ असाच लागणार.

राहिलं ‘आउट म्हणजे बाहेर’. मग शिक्षक ‘पास आउट द पेपर्स’ म्हणतात तेव्हा पेपर वाटायचे असतात, तिथे कोण बाहेर पडलं?

पदवी मिळाली असेल तर ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा, डिप्लोमा झाला असेल तर ‘कम्प्लिटेड’. आणि ‘पास’ हवाच असेल तर तो परीक्षेला लावा, ‘आय पास्ड द एक्झाम’, पण ‘आउट’ न जोडता.