चाळीस मार्कांचा ब्राझील

यंदा ज्यांच्या घरी दहावी आहे त्यांनी एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. भूगोल हा विषय नाही, तो शेवटचा पेपर आहे. गणित-विज्ञान हे विषय. इंग्रजी हे भवितव्य. भूगोल ही नुसती एक तारीख, आणि तिचा उपयोग गावची तिकिटं कोणत्या दिवसाची काढायची हे ठरवण्यापुरता. त्यातही तो पुरता शंभराचा नाही. इतिहास-राज्यशास्त्राचे ४०, भूगोलाचे ४०, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या कृपेचे. शिवाय टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हची. ज्या विषयात सर्वांत कमी गुण, तो गळतो. तो कोणता गळावा याबद्दल ठाण्यातल्या सुजाण पालकांमध्ये मतभेद असल्याचं अजून ऐकिवात नाही.

एवढं असूनही कोणाच्या पोटात गोळा येत असेल, तर त्यांच्यासाठी या चार सूचना. चिरंजीवांसाठी लिहिल्या आहेत. कन्या असेल तर कन्येला लावाव्यात, फरक पडत नाही.

पाठ्यपुस्तक एकदा स्वतः चाळून घ्या. (चिरंजीवांना वेळ नाही.) त्यात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारीशेजारी ठेवलेले आढळतील. प्राकृतिक रचना दोघांची, हवामान दोघांचं, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, सगळं दोघांचं. परका देश बाजूला ठेवून बघितला की आपलाही नीट दिसतो, असा काहीतरी हेतू यामागे असणार. हेतू चांगला आहे, पण घातक आहे. तुलना करायला घेतली की मूल विचार करू लागतं, आणि फेब्रुवारी हा काही विचार करायचा महिना नव्हे. म्हणून वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे भारत, उजवीकडे ब्राझील. इकडे हिमालय, तिकडे अजस्र कडा. इकडे गंगा, तिकडे ॲमेझॉन. फिरत्या शेतीला इकडे झूम, तिकडे रोका. डावीकडचं उजवीकडे गेलं नाही म्हणजे झालं. विषय संपला.

रात्री जागण्याबद्दल पालकांच्या मनात उगाच अपराधी भावना असते. ती काढून टाका. ब्राझिलियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. चिरंजीव पहाटे अडीचला पुस्तक उघडतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, म्हणजे अभ्यासाची अगदी दिवेलागणीची शुभ वेळ. निम्मं पुस्तक ब्राझीलचं आहे, तेव्हा निम्मा अभ्यास ब्राझीलच्या प्रमाणवेळेनुसार करण्यात गैर काही नाही. फक्त पेपर आपल्या वेळेनुसार सकाळी ११ला असतो. तेव्हा ब्राझिलियात पहाटेचे अडीच वाजलेले असतात. परीक्षागृहात डोळे मिटत असतील तर कारण हेच. याला भौगोलिक कारण म्हणतात.

त्यावरून आठवलं, ‘भौगोलिक कारणे लिहा’. या प्रश्नाचा अनेकांना धसका असतो, कारण त्यात कारण द्यावं लागतं. पण नौपाड्यातल्या कोणत्याही क्लासच्या दाराबाहेर पाच मिनिटं उभे राहा, सरांनी तयार केलेलं बहुगुणी उत्तर एका सुरात ऐकू येईल: उष्ण व दमट हवामान, घनदाट वने, दुर्गम प्रदेश, वाहतुकीच्या अपुऱ्या सोयी, त्यामुळे. हे ‘त्यामुळे’ महत्त्वाचं. त्याच्यापुढे प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती विरळ का? उष्ण व दमट हवामान, घनदाट वने, त्यामुळे वस्ती विरळ. तिथे रेल्वे का पसरली नाही? घनदाट वने, दुर्गम प्रदेश, त्यामुळे नाही पसरली. ईशान्य ब्राझीलमधला अवर्षण चतुष्कोन तेवढा अडचणीत आणतो, कारण तिथे दमटपणा चालत नाही. तिथे ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ एवढे दोन शब्द टाकायचे आणि पुढे जायचं. छाया कोणाची, पडली कशी, या चौकशीत शिरू नये.

आणि इथेच एक धोका सांगून ठेवतो. पावसाळ्यात पुण्याच्या मावशीकडे जायचा बेत असेल तर मुलाला खिडकीची जागा देऊ नका. कर्जत सोडून गाडी घाट चढायला लागते, पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, वर गेले की थंड होतात आणि जे काही असेल ते तिथेच रिकामं करतात. खंडाळ्याच्या बोगद्यांतून गाडी आत-बाहेर करते तेव्हा काच सारखी धुऊन निघत असते, पलीकडचं काही दिसत नाही. मग लोणावळा जातं, तळेगाव येतं, काच वाळते, वडेवाल्याच्या डोक्यावरचं प्लास्टिक निघतं. ठाण्यात हंगामात २,००० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस पुण्यात निम्म्याहूनही कमी का, हे एवढ्याशा प्रवासात फुकट समजतं. समजलं की मूल उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायला जातं, आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याला वाचावं लागतं. कोणाला आवडेल? तेव्हा पडदा ओढून घ्या, आणि मुलाच्या हातात ‘पर्जन्यछाया’ असलेलं पान द्या.

नकाशा. इथे मात्र थोडं थांबलं पाहिजे, कारण आराखड्यात माहिती भरून सूची करायचे गुण पैकीच्या पैकी मिळतात, असं दर वर्षी सांगितलं जातं आणि दर वर्षी ते तिथेच जातात. तयारी अशी करावी. स्टेशनरीच्या दुकानातून भारत आणि ब्राझीलचे प्लास्टिकचे साचे आणावेत. चोवीस रंगांची पेटी आणावी. सूचीसाठी चौकोन, त्रिकोण, गोल, चांदणी ही चिन्हं ठरवावीत आणि त्यावरून घरात एकदा कडाक्याचं भांडण करावं. पेन्सिलीला टोक काढावं. एवढं झालं की दमून झोपावं. मानौस नेमकं कुठे येतं हे शेवटपर्यंत बघू नये. ॲमेझॉन आणि रिओ निग्रो जिथे भेटतात तिथे ते आहे, पण त्यासाठी आधी ॲमेझॉन काढावी लागते.

ब्राझीलचं एक वेळ सोडा, तो लांब आहे. कळंबोलीच्या चौकात ट्रेलरच्या रांगेत गाडीत बसून या मुलांचं बालपण गेलं. समोरच्या प्रत्येक ट्रेलरवर कंटेनर, प्रत्येक कंटेनरवर परदेशी कंपनीचं नाव. हे सगळं येतं कुठून? न्हावा-शेव्याच्या बंदरातून. १९८९ साली सुरू झालेलं, जवाहरलाल नेहरू बंदर या नावाचं, देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. मुलाने हॉर्न वाजवायला शिकण्याआधी ते बंदर ओळखलं असायला हवं. पण आराखड्यात भरायला सांगा, टिंब सुरतेच्या वर पडतं. याचा राग धरू नका. ट्रेलर बघून बंदर ओळखायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगायची वेळ आली तेव्हा आपण ट्रेलरवाल्याला शिव्या घालत होतो.

पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. पुस्तकातली मुलं नळदुर्गहून बसने निघून अलिबागला येतात, वाटेत जमीन, पिकं, घरं बदलत जाताना बघतात, लोकांना प्रश्न विचारतात. आपल्याकडून अलिबाग जवळ. आपण तर तिथे दोन सुट्ट्या जोडून आल्या की जातोच: पापलेटची थाळी, घोडागाडी, किल्ल्यापर्यंत ओहोटीत चालत. ओहोटी कधी लागते आणि का, हे विचारायचं काम नाही. घोडागाडीवाला सांगतो चला म्हणजे चला. प्रश्नावली गाइडात तयार मिळते. कारखान्याला भेट द्यायची असो की किनाऱ्याला, प्रश्न तेच: आपले नाव काय, हा व्यवसाय कधी सुरू केला, अडचणी काय. क्षेत्रभेटीचं महत्त्व हे टिपण तर इतकं छान आहे की घराबाहेर पाऊल न टाकता तोंडपाठ होतं.

बाहेर पडलंच तर काय काय दिसेल याची यादी देतो, म्हणजे टाळता येईल. वाशीच्या पुलावरून लोकलने जाताना लोक निर्माल्याची पिशवी खाडीत टाकतात, तिकडे पाहायला हरकत नाही. पण पलीकडे तिवरांची चिखलातून वर आलेली मुळं आहेत, तिकडे पाहू देऊ नका. नाहीतर ‘सुंदरबनात खारफुटी वने आढळतात’ या वाक्याला तडा जाईल. हिवाळ्यात तिथेच रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पाणथळ प्रदेश म्हणजे पँटानल, असं पुस्तकात वाचून पाठ केलेलं असताना घराजवळ दुसरा काढून मुलाचा गोंधळ वाढवू नये.

नवी मुंबईकरांनी जास्त जपावं. त्यांचं अर्धं शहर भरतीच्या पातळीवर वसलेलं. म्हणून सिडकोने जागोजागी धारण तलाव ठेवले: भरती आली की खाडीकडची झडप बंद, तोवर पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की झडप उघडून बाहेर. डच लोकांच्या धर्तीवरची ही व्यवस्था संध्याकाळी लोक ज्याच्याभोवती फेऱ्या मारतात त्याच्या पोटात आहे. मुलाला त्यातलं एवढंच ठाऊक असतं की मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका दिवशी आले की शाळेला सुट्टी मिळते. पुरेसं आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, तेही त्याने रोज बसमधून पाहिलं. भूरूप घडवणारे बाह्यकारक पुस्तकात पाच आहेत: नदी, वारा, हिमनदी, सागरी लाटा, भूजल. सहावा सिडको, हे उत्तरपत्रिकेत लिहायचा मोह त्याला होऊ शकतो. आवरा.

लोकसंख्येच्या धड्यात भारताचे आकडे २०११च्या जनगणनेचे आहेत, कारण त्यानंतरची लांबली. म्हणजे तेव्हापासून घोडबंदर रोडवर उभे राहिलेले टॉवर, त्यातले लोक, त्यांच्या गाड्या आणि सकाळी साडेआठला मानपाड्याला अडकलेले तुम्ही, हे मोजणीत कुठेच नाही. लोकसंख्येची घनता म्हणजे काय, याचं उत्तर चिरंजीव दर चौरस किलोमीटरमध्येच देतील. ठाणे स्टेशनच्या पुलावरचा अनुभव त्यात मिसळू नये.

आलेखाचं टेन्शन घेऊ नका. अक्ष, प्रमाण, शीर्षक, पट्टी. काय मोजलंय हे न कळताही सुरेख येतो.

एवढं करूनही धाकधूक असेल, तर २०२०ची बॅच आठवा. २३ मार्चला त्यांचा भूगोलाचा पेपर होता. कोरोनामुळे तो पुढे गेला, मग रद्दच झाला, आणि मंडळाने भूगोलाचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले. सगळ्या महाराष्ट्राने भूगोलाचा पेपर न देता भूगोलात गुण मिळवले. मुलं आनंदली, पालक सुटले, आणि या मुलांना भूगोल येतो का, असं त्यानंतर कुठल्या कॉलेजने विचारल्याचं मला तरी माहीत नाही. आपण सगळे ज्या आदर्शाकडे वर्षभर सरकत असतो, तिथे ती बॅच एका फटक्यात पोचली होती.

प्रत्यक्ष पेपरच्या दिवशी फार काही करायचं नसतं. केंद्र दुसऱ्या शाळेत असतं, आणि कोपरीतून वर्तकनगरला कसं जायचं हे चिरंजीवांना माहीत नसतं, कारण आजवर त्यांना रिक्षाच्या मागच्या सीटवर मोबाइलकडे बघत सोडलं आहे. म्हणून आदल्या दिवशी रस्ता दाखवून आणा. मॅप लावा, बाई सांगेल डावीकडे, डावीकडे वळा. उत्तर-दक्षिण शोधत बसू नका.

पेपर सुटला की फाटकाशी ‘माराजॉ बेट कुठे दाखवलंस रे’ असं विचारणारा एक मित्र हमखास भेटतो. त्याला टाळा, असल्या मुलांचं पुढे काय होतं कोणास ठाऊक. घरी आल्यावर गाइड आणि प्रश्नसंच रद्दीत घाला. नकाशासंग्रह घालू नका. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावर दहावी आहे. त्यांना द्या, आणि निम्म्या किमतीत मुळीच देऊ नका. पानं उघडताना अजून कड्कड् वाजतात, छापखान्याचा वास येतो, दक्षिण अमेरिकेची दोन पानं तर एकमेकांना चिकटलेली आहेत. कोरा करकरीत माल आहे, पूर्ण पैसे मागा.