नग दोन, मार्क लाल गाडी

बाबा गोदीत टॅली क्लार्क होते. म्हणजे जहाजातून माल उतरला की नग मोजायचे, खोक्यांवरचे मार्क वहीत उतरवायचे, फुटलेलं दिसलं की डॅमेज लिहायचं आणि कमी भरलं की शॉर्ट. तीसेक वर्षं इंदिरा डॉकच्या शेडमधे हेच केलं आणि कोबे, ओसाका, योकोहामा ही नावं खोक्यांवर काळ्या शाईत इतक्यांदा वाचली की मला टोकियोत नोकरी लागली तेव्हा पगार किती ते त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, पहिला प्रश्न "तिथून योकोहामा जवळ आहे का गं?"

तर आईबाबा जपानला आल्यावर योकोहामा करणं भाग होतं. आई गुडघ्याचं कारण सांगून निशी-कासाईच्या घरी थांबली, हे तिच्या गुडघ्याने तिच्यावर केलेले उपकार. मी आणि बाबा दोन दिवस क्योतोला जाऊन आलो आणि परत येताना म्हटलं शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, योकोहामाला थांबतेच, तिथेच उतरू, दिवसभर बंदर बघू, रात्री घरी. एवढा साधा प्लॅन होता हो.

पहिली गोष्ट, शिन्कान्सेन योकोहामाला थांबत नाही, शिन-योकोहामाला थांबते. शिन म्हणजे नवीन. हे मी बाबांना सांगायला नको होतं, कारण ते प्लॅटफॉर्मवर दोन बॅगा घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तू मला मुंबई दाखवायला नव्या मुंबईत उतरवलंस." मी म्हटलं बाबा काळजी नको, इथून योकोहामा लाईन आहे, नावच योकोहामा लाईन, चुकायला काही वावच नाही. आता ही योकोहामा लाईन अधिकृतपणे हिगाशी-कानागावा नावाच्या स्टेशनात संपते, योकोहामाच्या बरोब्बर एक स्टेशन आधी. काही गाड्या पुढे जातात, आमची त्यातली नव्हती. सगळे उतरले, आम्हीही उतरलो, बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढून त्यात काहीतरी लिहिलं. वांद्रे टर्मिनस खारजवळ बांधणाऱ्या गावातला माणूस याबद्दल फार बोलू शकत नाही म्हणा.

मग निळ्या पट्ट्याच्या केइहिन-तोहोकूने एक स्टेशन, आणि आलं योकोहामा.

हे स्टेशन समजावून सांगणं अवघड आहे. सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या इथे येतात, प्रत्येकीची गेटं वेगळी, मधून आडवे जाणारे मोठे बोगद्यासारखे रस्ते आणि त्यांना फुटलेले मॉल. बरं, स्टेशनने स्वतः पण आयुष्यात दोनदा घर बदललंय. १८७२ ला जपानची पहिली रेल्वे सुरू झाली तेव्हाचं योकोहामा स्टेशन म्हणजे आजचं साकुरागिचो, मग १९१५ ला दुसरीकडे, आणि १९२८ पासून आत्ता आहे तिथे. त्यात बांधकाम कायम कुठे ना कुठे चालू. पाट्या मात्र भरपूर. दादरला पाटी नसते म्हणून माणूस गर्दीच्या मागे जातो आणि बरोबर बाहेर पडतो, इथे पाट्या इतक्या की प्रत्येक पाटीवर विश्वास ठेवून आपण चार दिशांना थोडं थोडं जातो.

आम्हाला लॉकर हवा होता. पहिल्या ठिकाणी सगळे भरलेले, दुसऱ्या ठिकाणी फक्त छोटे रिकामे, ज्यात फार तर बाबांची चप्पल मावली असती, तिसऱ्या ठिकाणी जपानी शाळकरी मुलींनी आमच्या डोळ्यांदेखत शेवटचा मोठा लॉकर घेतला आणि वर वाकून नमस्कार केला. चौथ्या ठिकाणी मिळाला. ७०० येन. किल्ली नाही, स्क्रीनवर बटणं दाबायची आणि रेल्वेचं कार्ड टेकवायचं, तेच कार्ड म्हणजे किल्ली. बाबांना कार्ड टेकवल्यावर येणारा तो पिक आवाज भयंकर आवडतो, "थांब, मी करतो" म्हणाले आणि केलं. एक चिठ्ठी आली, ती मी पिशवीत टाकली आणि हुशारीने लॉकरचा फोटोपण काढला.

बाबांनी डायरीत लिहिलं: *नग २. मार्क – लाल गाडी. पावाचा वास.*

"लाल गाडी काय?" मी विचारलं. त्यांनी हात केला, समोर भिंतीवर लाल ट्रेनचं मोठं चित्र होतं. मी म्हटलं फोटो आहे की माझ्याकडे, कशाला लिहिताय. ते म्हणाले, "असू दे."

पुढचा दिवस मस्त गेला, म्हणून तो थोडक्यात सांगते. स्टेशनच्या पूर्वेकडून सी बास नावाची बोट सुटते, जपानीत बसला बासू म्हणतात म्हणून हा विनोद, बाबा मात्र मासे मिळतील या आशेवर होते. पाण्यातून जाताना लँडमार्क टॉवर, ते घड्याळ लावलेलं ११२.५ मीटरचं अवाढव्य पाळण्याचं चाक, लाल विटांची जुनी गोदामं. गोदामं दिसल्यावर बाबा उभेच राहिले. मी सांगत होते आता आत दुकानं आणि कॅफे आहेत, त्यांना ते ऐकायचं नव्हतं, ते दरवाजांची रुंदी बघत होते.

यामाशिता पार्कला उतरलो. ही बाग १९२३ च्या भूकंपातला ढिगारा समुद्रात भरून केलेली, १९३० ला उघडली. बाबा म्हणाले, "हे बॅलार्ड इस्टेटसारखं झालं, आमचा डॉक खणला त्या मातीवर उभं आहे ते." बागेला लागूनच हिकावा मारू उभी आहे, १९३० ची प्रवासी बोट, सिएटलच्या लाईनवर होती, युद्धात हॉस्पिटल शिप झाली. ज्या निप्पॉन युसेन कंपनीची ती, त्याच कंपनीने १८९३ ला कापसासाठी मुंबईची लाईन सुरू केलेली, टाटांच्या मदतीने. हे मी वाचून गेले होते, बाबांना आधीच माहीत होतं, आणि इंजिनरूममधे ते एका जपानी आजोबांशी पंधरा मिनिटं बोलले, आजोबा जपानीत आणि बाबा मराठीत, आणि दोघांचं पटलं.

आणि बागेत एका बाजूला घुमटाचं पाणपोईसारखं बांधकाम आहे, इंडियन वॉटर टॉवर. भूकंपात योकोहामाच्या लोकांनी इथल्या भारतीय व्यापाऱ्यांना मदत केली, त्याचे आभार म्हणून आणि गेलेल्यांच्या आठवणीत १९३९ ला भारतीयांनीच बांधून दिलेलं. आत मान वर केली की मोझेक दिसतं. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरं आहेत हे सगळे सांगतात, हे कोणी सांगत नाही. बाबा बराच वेळ मान वर करून उभे होते, नंतर मानेला बाम लावला.

दुपारी बाकावर बसून डबा खाल्ला. मी इथले प्रसिद्ध शुमाई घेतलेले, बाबा म्हणाले अगदी उकडीच्या मोदकाचा धाकटा भाऊ. आत डुकराचं मटण आहे हे मी तिसरा खाऊन झाल्यावर सांगितलं. त्यांनी समुद्राकडे बघितलं आणि चौथा खाल्ला.

आता घोळ कुठे झाला तर इथे. जपानमधे रस्त्यावर कचऱ्याचा डबा सापडत नाही, तो दिसला की माणूस हातातलं सगळं त्यात टाकून मोकळा होतो. एका दुकानात दिसला, मी डबे, टिश्यू, बाटली, पिशवीसकट सगळं टाकलं. लॉकरची चिठ्ठी त्याच पिशवीत होती.

काही हरकत नाही, फोटो आहे.

संध्याकाळी चायनाटाऊन बघून मोतोमाची-चुकागाईहून मिनातोमिराई लाईनने परत आलो. ही गाडी योकोहामाला जमिनीच्या पोटात इतकी खोल थांबते की सरकत्या जिन्यावर जिना चढत आपण वर येतो तेव्हा पूर्व, पश्चिम, सकाळ, संध्याकाळ काही शिल्लक नसतं. सकाळी आलो होतो वरच्या गाडीने, आता उगवलो खालून. सगळं स्टेशन आरशात बघितल्यासारखं उलटं. मी फोन काढला. फोटोत होता एक राखाडी दरवाजा. फक्त दरवाजा. नंबर ०१४. योकोहामा स्टेशनात राखाडी दरवाजे किती असतील याचा अंदाज मला पुढच्या दीड तासात आला, आणि ०१४ नंबरचेच तीन सापडले.

बाबा शांतपणे म्हणाले, "लाल गाडी."

मी म्हटलं हो, लाल गाड्या केइक्यू कंपनीच्या असतात, म्हणजे तिकडेच. पण केइक्यूच्या गाड्या लाल असल्या तरी त्यांची स्टेशनची खूण निळसर आहे, आणि आम्ही सकाळी आलो ती केइहिन-तोहोकू पण निळसर. केइक्यू, केइहिन. मी निळ्याच्या मागे गेले आणि भलत्याच गेटाशी पोचले. मग पावाचा वास. पावाचा वास चार ठिकाणी येत होता, एका ठिकाणी तर इतका छान की आम्ही तिथे बन घेतला.

शेवटी स्टेशनच्या माणसाला गाठलं. त्याने माझा फोटो डॉक्टर एक्सरे बघतात तसा उजेडात धरून बघितला, "आआ..." म्हणाला, आणि एक नकाशा काढला ज्यावर लॉकर जिथे जिथे आहेत तिथे लाल ठिपके होते. नकाशाला गोवर आला होता. त्याने अतिशय नम्रपणे त्यातल्या सात ठिपक्यांभोवती गोल केले.

पाचव्या गोलापाशी बाबांचे पाय संपले. "तू बघून ये, मी इथे उभा राहतो." मी म्हटलं इथे आपण तीनदा आलोय बाबा, इथे लाल गाडी नाहीये, समोर क्रीम लावलेल्या बाईचं चित्र आहे. मी पुढे गेले, कोपरा वळून परत आले, तर बाबा तसेच उभे, खांबाला टेकून, भिंतीकडे बघत. क्रीमवाली बाई गेली. बिअरचा ग्लास आला. बिअर गेली, कुठल्या तरी डोंगरावरचं हॉटेल आलं.

आणि मग लाल गाडी आली.

तो स्क्रीन होता. आम्ही तिन्ही वेळा बाईच्या वेळेला आलो होतो.

"शेडमधे माल सापडत नसला की धावायचं नसतं," बाबा म्हणाले, "एका जागी उभं राहायचं, माल कुठे जात नाही." मागे वळले तर लॉकर त्यांच्या पाठीशीच होते. मी झडप घालून कार्ड टेकवलं. लाल दिवा. परत टेकवलं. परत लाल दिवा, आणि स्क्रीनवर एक बाहुली मला वाकून माफी मागायला लागली. पुढची दोन मिनिटं मी त्या मशीनशी मराठीत जे बोलले ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात बाजूने एक हात आला, त्यात बाबांचं कार्ड होतं.

पिक.

दरवाजा उघडला. बाबांनी दोन्ही बॅगा खाली काढल्या, फिरवून बघितल्या, चेन तपासल्या. मग डायरी काढली, सकाळच्या ओळीखाली लिहिलं: *नग २ मिळाले. शॉर्ट नाही. डॅमेज – मुलगी, किरकोळ.* आणि पेनाचं टोपण लावत मला विचारलं, "आता घरी जायला कुठली गाडी, की तीपण एक स्टेशन आधी थांबते?"