स्पेस इन्व्हेडर्सचा वेग कन्सोलवाल्यांनी वाढवलेला नाही

सांगलीत आमच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘स्पेस इन्व्हेडर्स हा परग्रहवासी टिपायचा जुना व्हिडिओ गेम स्विच या गेम कन्सोलवर आणताना मुद्दाम अवघड केलाय. परग्रहवासी कमी झाले की उरलेले पळत सुटतात. मूळ खेळात असं नव्हतं, आणि त्याचा पडदाही रंगीत नव्हता.’ यातलं वेगाचं म्हणणं चूक आहे. मूळ खेळातही अगदी असंच होतं.

१९७८ साली ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ बनवला. त्यातला ८०८० प्रोसेसर, म्हणजे खेळ चालवणारी चिप, आजच्या मानाने फारच तोकडा. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगायचा आणि प्रत्येक वेळी एकच परग्रहवासी एक पाऊल सरकायचा. ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ जण. सगळ्यांचं एकेक पाऊल व्हायला जवळजवळ सेकंद लागतो. निम्मे मारले की वेळही निम्मा. शेवटचा एकटा उरला की दर वेळी तोच हलतो, म्हणून तो सुसाट सुटतो. निशिकादोंना हे आवडलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. केवढी मोठी नजर!

परवा विश्रामबागला पुतण्याच्या टीव्हीवर ‘इन्व्हिन्सिबल कलेक्शन’ या स्विचवरच्या स्पेस इन्व्हेडर्स खेळांच्या संचातली मूळ आवृत्ती लावली. तो खेळत होता, मी गोळ्या मोजत होतो. बावीस झाल्या, तेविसावी वरून जाणाऱ्या उडत्या तबकडीला लागली आणि ३०० गुण मिळाले. त्यानंतर दर पंधराव्या गोळीला तेच. हाही मूळचाच हिशेब.

रंगांबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे. सुरुवातीच्या यंत्रांचा पडदा कृष्णधवल होता, त्यावर रंगीत पट्ट्या चिकटवत.