‘ओळखीतली गाडी, मेकॅनिक कशाला?’ : आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर दिवाळीपासून एक मेसेज फिरतोय. आधी दांडिया बाजारच्या मित्रमंडळात आला, मग नात्यातल्या ग्रुपवर, गेल्या आठवड्यात सोसायटीच्याही. मजकूर थोडक्यात असा: जुनी गाडी डीलरकडून घेऊ नका, ओळखीच्या घरातून घ्या. मालक एकच असेल तर मेकॅनिक नेऊन समोरच्याचा अपमान करू नका. पुरात भिजलेली गाडी वासावरून लगेच कळते. मीटर चाळीस हजारांच्या आत असलं की इंजिन नवंच समजा. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून सगळं ठीक दिसलं की निर्धास्त व्हा. फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलण्याचे आरटीओचे फॉर्म) सह्या घेतल्या की नाव सावकाश लावा, विमा चालूच असतो.

डीलरचं कमिशन वाचतं, एवढं खरं आहे. बाकीचं एकेक घेऊ.

‘मेकॅनिक नेणं म्हणजे अपमान.’ मला सगळ्यात खटकलं ते हेच, कारण यात गाडीवरचा संशय परस्पर माणसावर नेऊन ठेवलाय. गेल्या हिवाळ्यात माझ्या आतेभावासाठी कारेलीबागेत एक गाडी बघायला गेलो होतो. निवृत्त काका, एकच मालक, छोटी पेट्रोल गाडी, आरशासारखी चकचकीत. आमच्याबरोबर मिस्त्री आलेला बघून काका हसले. म्हणाले, “अरे, मी रोज सकाळी स्वतः पुसतो रे तिला. विचार कुणालाही.” विचारायची गरज नव्हती, दिसतच होतं. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये काका मुलीकडे पुण्याला होते आणि गाडी इथे, तळघरातल्या पार्किंगमध्ये. मुलाने फोनवर एवढंच सांगितलं होतं, “थोडं पाणी लागलं होतं बाबा, सर्व्हिसिंग करून घेतलं.” माणूस शंभर टक्के खरं बोलत होता, आणि आपल्याच गाडीबद्दल त्याला पुरतं माहीत नव्हतं.

‘पुरातली गाडी वासावरून कळते.’ बडोद्यात राहून हे कुणी लिहावं याचं नवल वाटतं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २५ असताना. अकोटा, समा, फतेगंज, सयाजीगंज... कुठे कुठे पाणी शिरलं ते आपण पाहिलंय, मगरी रस्त्यावर आलेल्याही पाहिल्यात. म्हणजे त्याआधी पासिंग झालेल्या, जीजे ०६ च्या, म्हणजे बडोद्याच्या, कुठल्याही गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न हाच: तेव्हा गाडी कुठे उभी होती?

वास हळूहळू जातो. आतून शाम्पू, नवी मॅटिंग, दोन उन्हाळे आणि डॅशबोर्डवर एक सुगंधी डबी, की झालं. (ती डबी नको तितकी घमघमत असेल तर मी उलट जास्त वाकून बघतो.) राहतो तो गाळ. मिस्त्रीने ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढला. रोज वापरात येतो तेवढा भाग स्वच्छ करडा होता. त्यापुढे, जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, तिथे बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा, कडेला बारीक वाळलेली माती. मग त्याने डिकीतली स्टेपनी काढली. खालच्या खोबणीत भेगाळलेल्या तळ्यासारखा पापुद्रा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. ती बुरशी नव्हती, तांब्यावर चढलेला गंज होता.

नुसते गंजलेले बोल्ट म्हणजे पूर असंही नाही. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी पुढचा गालिचा ओला राहतो. पण नदीचा गाळ सीटबेल्टच्या गुंडाळीत एसी नेऊन ठेवत नाही.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाला फोन लावला आणि बाल्कनीत गेले. आम्ही चहा घेतला, तोवर ते आत आलेच नाहीत.

“पण गाडी चालतेय ना?” हा प्रश्न आतेभावाने परतताना विचारला. चालते. भिजलेले जोड हळूहळू सडतात. पहिल्या वर्षी पॉवर विंडो, दुसऱ्या पावसाळ्यात मीटरवरचा एअरबॅगचा दिवा, मग इंजिन कंट्रोलचा डबा. आणि पाण्यात असताना कुणी स्टार्टर मारला असेल तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यावर पुढे महिनोन्‌महिने गाडी ओढली जाऊ शकते.

यासाठी एक कागद मागा, जो मेसेजमध्ये नाही: पुराच्या पुढच्या वर्षीची विमा पॉलिसी. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. सहा-सात वर्षांच्या गाडीवर २०२५ च्या पॉलिसीत तो अचानक शून्य झाला असेल तर आधीच्या वर्षी बहुधा क्लेम झालाय, कशाचा ते विचारा. बोनस राखणारं जादा कव्हर असेल किंवा पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर ही खूण चालत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. तो सांगाडा लिलावात विकला जातो आणि कुणीतरी तो उभा करून पुन्हा रस्त्यावर आणतो. आरसी रद्द केलेली नसेल तर कागद सगळे खरे असतात, हीच त्यातली गोम.

‘चाळीस हजारांच्या आत म्हणजे इंजिन नवं.’ डिजिटल मीटर मागे करणं हे आता लॅपटॉपवरचं काम आहे. मीटरला साक्षीदार शोधा. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का? ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय का? टायरच्या बाजूवर चार आकडे एका छोट्या लंबगोलात असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर ३० हजार, आणि चारही टायर २०२३ चे असतील तर पहिले टायर कशाने गेले? मालकाच्या परवानगीने अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून शेवटच्या नोंदीतले किलोमीटर विचारा. आणि आकडा खरा निघाला तरी वर्षभर झाकून ठेवलेल्या गाडीचं टायर कडक होतं, बॅटरी बसते, सील सुकतात. कमी फिरलेली गाडी आणि चांगली राहिलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘अ‍ॅपवर ठीक दिसलं की निर्धास्त.’ अ‍ॅप बघाच, फुकट आहे. नोंदणीची आणि विम्याची मुदत, कर्जाचा बोजा कळतो. अपघात आणि पूर कळत नाही. कर्ज होतं तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात घ्या. चेसिसवर कोरलेला १७ अक्षरांचा नंबर आरसीशी स्वतः जुळवा. बॉनेट उघडून पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा. त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडाला असेल तर तो पत्रा कधीतरी उतरलाय. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा एकमेकींशी जुळतात का तेही बघा. नुसती एक काच बदललेली असणं हा गुन्हा नाही, कारण विचारायचं इतकंच.

टेस्ट ड्राइव्हला ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी जा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलीय. निळा धूर ऑइलचा, काळा जादा पेट्रोलचा, पांढरा थांबलाच नाही तर कूलंटचा. मिस्त्रीकडे स्कॅनर असेल तर जुने एरर पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली तेही बहुतेक गाड्यांत दिसतं. काल पुसलेले असतील तर काल पुसण्यासारखं काहीतरी होतं.

गुजरातेत लिहिलेल्या मेसेजमध्ये सीएनजीचा उल्लेखच नसावा? किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, नाहीतर विम्याच्या वेळी अडचण. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा.

राहिलं नाव. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे ‘सावकाश’चा धोका विकणाऱ्या काकांच्याच डोक्यावर. घेणाराही सुटत नाही: थर्ड पार्टीचा विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. आणि कुणी ‘तारीख नंतर टाका’ म्हणत सह्यांचे कोरे फॉर्म पुढे केले, तर तारीख तिथेच, त्यांच्याच पेनाने टाकून घ्या.