कालेबाची 45 वर्षं

बायबलमधल्या कालेबावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. देवानं इस्राएल लोकांना देऊ केलेला कनान देश पाहून यायला मोशेनं पाठवलेल्या 12 हेरांपैकी 10 जण भ्याले, कालेब आणि यहोशवा देवाच्या वचनाला धरून राहिले, हे तुम्ही छान मांडलंय. एक गोष्ट मात्र राहून गेली असं वाटतं. तो देश तर सगळ्यांनी सारखाच पाहिला होता, 40 दिवस. उंच माणसं आणि तटबंदीची शहरं कालेबानंही नाकारली नाहीत. आणि विश्वास ठेवूनही त्याला थांबावं लागलंच! हेर म्हणून गेला तेव्हा तो 40 वर्षांचा, त्या देशातला हेब्रोनचा डोंगर आपल्या वाट्याला मागायला उभा राहिला तेव्हा 85 चा. इतरांच्या भीतीपायी सगळ्यांना वर्षानुवर्षं रानात भटकावं लागलं, ते रान त्यानंही तुडवलं.

त्याचं हे थांबणं वाचून आमचंच एक साल आठवलं. आम्ही यवतमाळकडचे, कोरडवाहू वावर. त्या साली मिरगाच्या पावसावर सरकी टोबली अन् पाऊस दडला. दुबार पेरणीच्या बियाण्याला पैसा नव्हता. आमचे हे रात्र रात्र ओसरीवर बसून राहायचे, एक शब्द नाही. कर्जापेक्षा मला त्या गप्प बसण्याची धास्ती होती. (ती धास्ती इकडच्या बायांना समजावून सांगावी लागत नाही.) एका रात्री दोघांनी मिळून प्रार्थना केली, अन् सकाळी यांनी माझ्या भावाला फोन करून पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. कापूस त्या साली निम्माच झाला. भीतीही गेली नव्हती. पण हे जेवताना पुन्हा बोलायला लागले, अन् रविवारी उपासनेला माझ्या शेजारी येऊन बसले.